किल्ली मिस्त्रीच्या खिशात

लिफ्टचा मिस्त्री उंचीला घाबरतो असं सांगितलं तर लोक हसतील, आणि हा मिस्त्री उंचीला घाबरायचाही नाही. राजधानीतल्या उंच इमारतींमध्ये लिफ्टची जी अंधारी विहीर असते, तिच्यात तो तीस वर्षं चढत-उतरत होता. पिंजऱ्याच्या टपावर बसून तो डबा खायचा. खाली वीस मजले मोकळे, आणि हा वर मांडी ठोकून दोराला वंगण लावतोय, तोंडाने शीळ घालतोय. पण डोंगरातला रस्ता म्हटला की त्याची पाचावर धारण बसायची. कॅलेंडरवर घाटाचं चित्र असलेला महिना आला की तो पान उलटून पुढचा महिना लावायचा आणि वर तारखा चुकल्या म्हणून बायकोशी भांडायचा.

"ह्यांची भीती पगारी आहे," बायको म्हणायची. "कामाच्या वेळी रजेवर असते."

मिस्त्रीकडे याचं उत्तर होतं, आणि तो ते मनापासून द्यायचा. विहिरीत मी माझ्या हाताने तपासलेल्या दोरावर असतो. गाडीत मी दुसऱ्याच्या ब्रेकवर असतो. तो दुसरा रात्री नीट झोपलाय का, त्याचं बायकोशी भांडण झालंय का, मला काय माहीत? आपला हात जगन्नाथ, बाकी कुणाचा भरवसा धरायचा नाही.

त्याच्या धंद्यात एक नियम होता, आणि तो त्याच्या रक्तात उतरला होता. खाली माणूस काम करत असेल तर यंत्र बंद करायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची. कुणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही, आधी खिशात. कारण त्याचा उस्ताद खड्ड्यात उतरलेला असताना कुणा शहाण्याने वरून स्विच लावला होता. उस्ताद वाचला, पण उजवा पंजा कायमचा चेपला. तेव्हापासून मिस्त्रीचा हात डोक्याला न विचारताच किल्ली काढायचा. एकदा इमारतीची पाण्याची टाकी धुवायला दोन माणसं आत उतरलेली त्याने जिन्यातून जाताना पाहिली, पंपाची किल्ली काढून खिशात घातली आणि कामावर निघून गेला. माणसं टाकी धुऊन घरी गेली, आणि सगळी इमारत संध्याकाळपर्यंत पाण्यावाचून तडफडली. संध्याकाळी बायकोने त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशावर बोट ठेवलं, तेव्हा त्याला आठवलं.

त्या दोघांना एकच मुलगी. लहानपणी रडायला लागली की तीन गल्ल्या जाग्या व्हायच्या म्हणून तिचं नाव पडलं टिटवी, आणि गंमत अशी की मोठी होऊन ती पक्षी मोजायच्या नोकरीला लागली. तीही कुठे, तर देशाच्या पार टोकाला, डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात. तिकडे जायला एकच घाटरस्ता होता. बर्फ पडला की तो बंद व्हायचा आणि बर्फ वितळला की उघडायचा. दोन वर्षं झाली, दर सुट्टीत टिटवीच खाली यायची. बाप म्हणायचा, काम फार आहे. मुलगी हो म्हणायची. दोघांनाही खरं कारण माहीत होतं.

आणि मग उद्यानातून फोन आला. टिटवी उतारावरून घसरली होती आणि तिचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरने प्लास्टर घातलं, पण खाली न्यायचं नाही, हादरे बसले तर हाड सरकेल, असं बजावून गेला. खोलीत ती एकटी. सोबतचे लोक दिवसभर डोंगरावर. बर्फ आठवड्यावर आलेला.

"आईला पाठवा," टिटवी फोनवर म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही नका येऊ. तुम्हाला नाही जमायचं. मला राग नाही, खरंच."

बायको आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होती, त्यामुळे मुलीची शुश्रूषा तिच्या हातची होती. पण वॉर्डात उभं राहून राहून तिचा डावा गुडघा कामातून गेला होता. सामान घेऊन दोन गाड्या बदलणं तिला एकटीला झेपणारं नव्हतं, आणि एकदा घाट बंद झाला की सगळा हिवाळा तिकडेच. मिस्त्रीने फोन ठेवला. 'मला राग नाही' हे त्याला रागापेक्षा जास्त लागलं. तो उठला आणि पिशवी भरायला लागला. पिशवीत आधी पक्कड गेली, मग पाना, मग स्क्रू-ड्रायव्हर, आणि सगळ्यात शेवटी, बायकोने आठवण केल्यावर, स्वेटर.

राजधानीतून पहाटे निघालेली मोठी बस सपाट रस्त्याने दुपारपर्यंत डोंगराच्या पायथ्याशी पोचली. तिथवर मिस्त्री माणसात होता. पायथ्याच्या गावात गाडी बदलायची होती. स्टँडच्या कोपऱ्यात एक छोटी बस उभी होती, निळी, टपावर दोरीने बांधलेलं सामान, आणि काचेमागे कागदावर हाताने लिहिलेलं 'उद्यान'. ड्रायव्हर म्हातारा होता, वाळका, आणि चष्मा कपाळावर चढवून डोळे मिचकावत लोकांकडे बघत होता.

मिस्त्रीने पिशवी बायकोच्या हातात दिली आणि सरळ गाडीखाली शिरला.

"काय हरवलं?" ड्रायव्हरने विचारलं.

"ब्रेक बघतोय," खालून आवाज आला.

"सापडला तर मलाही सांगा."

स्टँडवरचे लोक हसले. बायको दुसरीकडे बघायला लागली, जसा हा आपला कुणी नाहीच. मिस्त्री बाहेर आला, तेव्हा त्याच्या पाठीला चिखल लागलेला आणि चेहरा उतरलेला. मागचा एक टायर गुळगुळीत होता. ते त्याने सांगितलं. ड्रायव्हरने चष्मा नाकावर ओढला, टायरकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाला, "तो माझ्यापेक्षा तरुण आहे. बसायचं तर बसा, नाहीतर थांबा. यानंतरची गाडी बर्फ वितळल्यावर."

मिस्त्री बसला.

आता घाटात मोठी अडचण अशी असते, की भित्र्या माणसाला बसायला जागाच नसते. मिस्त्रीने बायकोला दरीच्या बाजूला बसवलं आणि स्वतः डोंगराच्या बाजूची खिडकी धरली. पहिलं वळण आलं, गाडी गर्रकन फिरली, आणि डोंगर पलीकडे गेला. याच्या खिडकीत आता नुसती हवा होती. हवेच्या तळाशी, नखाएवढी, पायथ्याच्या गावातली घरं. मिस्त्री ताडकन उठून दुसऱ्या बाजूला गेला. पुढचं वळण आलं, दरी त्याच्यामागून तिकडे आली. तो पुन्हा उठला. असं चार-पाच वळणं चाललं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे तर अख्खी दरी पाठी लागली होती.

"एका ठिकाणी बसा बघू," बायको हळूच म्हणाली. "लोकांना वाटेल तुम्हाला काहीतरी चावतंय."

तो तिच्या शेजारी बसला, अगदी पुढच्या बाकावर, ड्रायव्हरच्या मागे. डोळे मिटले तर गाडी घसरतेय असं वाटायचं. उघडले तर दरी. त्याने डोळे ड्रायव्हरच्या मानेवर खिळवले. तिथे एक तीळ होता. मिस्त्रीने त्या तिळाला धरून ठेवलं. गाडीने ब्रेक लावला की याचा पाय पत्र्यावर दाबला जायचा, गाडी वळली की याचं अंग उलट्या बाजूला झुकायचं. सगळी बस आपणच तोल सावरून वर नेतोय असं त्याला वाटत होतं, आणि जरा ढिलं सोडलं तर संपलं.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून पलीकडच्या बाकावर एक पोस्टमन बसला होता. उद्यानाची टपाल-पिशवी मांडीवर घेतलेला, गुबगुबीत, आनंदी माणूस. नव्या माणसाला रस्ता दाखवण्याची त्याला भारी हौस.

"हे वळण बघा," तो म्हणाला. "इथे लाकडाचा ट्रक गेला. लाकडं सापडली."

मिस्त्रीने तिळावरची नजर हलवली नाही.

"आणि हे पुढचं. इथे कुणी गेलं नाही अजून. पण जाणार. सगळे म्हणतात."

बायकोने पोस्टमनच्या हातात एक उकडलेलं अंडं ठेवलं. तिला वाटलं, तोंड भरलं की बंद होईल. तो अंडं खात खातच बोलला. मिस्त्रीचे तळहात इतके भिजले होते की समोरचा दांडा निसटत होता. आपण परत उतरून जावं, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण उतरायचं म्हणजे याच रस्त्याने, आणि तेही चालत. पुढे आड, मागे विहीर. त्याला टिटवीचा आवाज आठवला, तुम्हाला नाही जमायचं, आणि लाजेने त्याचे कान तापले. लाजेचा एक उपयोग होतो, तेवढा वेळ भीती मागे सरते. पण फार वेळ नाही.

बरंच वर गेल्यावर गाडी थांबली.

समोर रस्ता अर्धाच होता. डोंगर डाव्या हाताला, दरी उजव्या, आणि मधला रस्ता दरीच्या बाजूने कुणीतरी भाकरीचा घास तोडावा तसा तुटून गेला होता. उरलेल्या भागावर वरून आलेली माती आणि दगड पसरले होते. तुटका भाग गेला की पुढे रस्ता पुन्हा रुंद, भक्कम, तिथे उन्हं पडली होती. इथे सावली होती. वरून अधूनमधून एखादा खडा टुणटुणत यायचा आणि दरीत जायचा. त्याचा खाली पडल्याचा आवाज यायचाच नाही.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि आपल्या बाजूच्या दाराने उतरला. पुढच्या चाकासमोर उकिडवा बसून तो एकेक दगड उचलून खड्ड्यात भरू लागला. काचेतून त्याचं फक्त टक्कल दिसत होतं, चाकाच्या अगदी समोर.

मिस्त्रीने ते टक्कल पाहिलं. मग स्विचला लटकणारी किल्ली पाहिली, लाल गोंड्याची. यंत्राखाली माणूस, आणि यंत्राला किल्ली. त्याचा हात पुढे गेला, किल्ली फिरली, निघाली आणि शर्टाच्या वरच्या खिशात जाऊन पडली. वरून स्वेटर होताच. एवढ्या भीतीतही हे काम त्याच्या हाताने अगदी सफाईने केलं, आणि डोक्याला काही कळवलं नाही. बायकोने पाहिलं, पण तिला ते त्याने नाक खाजवल्याइतकंच नेहमीचं होतं.

ड्रायव्हर दाराशी आला. "गाडी जाईल. पण ज्यांना चालत पलीकडे जायचं असेल त्यांनी उतरा. मला हलकी गाडी बरी."

पोस्टमन उतरला, आणखी पाच-सहा जण उतरले. एक म्हातारी आपल्या पोत्याला चिकटून बसून राहिली आणि एक बाई अंगावर पिणारं बाळ घेऊन. मिस्त्री उठून उभा राहिला.

"चल," तो बायकोला म्हणाला.

"ह्या गुडघ्याने? ह्या दगडांवरून?" ती म्हणाली. "माझा पाय वळला तर दोघी मायलेकी प्लास्टरमध्ये. मी बसून येते."

मिस्त्रीने तुटलेल्या कडेकडे पाहिलं. चाक जिथून जायला हवं होतं, तिथली माती त्याला दिसत होती. ती कशाच्या आधारावर आहे ते दिसत नव्हतं.   "मग मी..." तो म्हणाला आणि त्याने दाराकडे पाहिलं.

"जा," बायको म्हणाली.

तीस वर्षांच्या संसारात 'जा' या शब्दाचे किती अर्थ होतात हे ज्याचं त्याला माहीत. मिस्त्रीने त्यातला सगळ्यात सोयीचा अर्थ घेतला आणि उतरला.

पाठ डोंगराला घासत, दोन्ही हातांनी मागचा खडक चाचपत, खेकड्यासारखा आडवा चालत तो पलीकडे गेला. दरीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. उन्हात पोचल्यावर तो एका दगडावर बसला. जिवंत होता. ती गोड भावना त्याला जेमतेम श्वास घेण्यापुरती मिळाली. मग त्याने वळून पाहिलं. सावलीत निळी बस उभी होती, आणि पुढच्या काचेमागे बायकोचा चेहरा, एवढासा. तेव्हा त्याला कळलं, आपण काय केलं ते. आपण उतरलो आणि तिला ठेवून आलो.

"बायकोला नाही आणलं?" पोस्टमनने विचारलं. त्याला वाईट हेतू नव्हता.

ड्रायव्हर या लोकांना अर्ध्या वाटेपर्यंत सोडून परत गेला होता. तो गाडीत चढला. आता इंजिन सुरू होईल म्हणून सगळे कान देऊन उभे राहिले. इंजिन सुरू झालं नाही.

ड्रायव्हर खाली वाकला. मग उठला. आपले खिसे चाचपले. पुन्हा वाकला.

"किल्ली पाडलेली दिसते," पोस्टमन म्हणाला.

"किल्ली पाडतो," मिस्त्री संतापला. "असल्या जागी किल्ली पाडतो. याला गाडी दिली कुणी? मी सांगत होतो, दुसऱ्याच्या भरवशावर..."

तेवढ्यात डोंगर बोलला. आधी नुसती सळसळ, कुणी धान्य ओतावं तशी. मग बसच्या वरच्या उतारावरून मातीची एक बारीक धार सुरू झाली, आणि तिच्यातून मुठीएवढे दगड उड्या मारत येऊ लागले. एक टपावर आदळला. पत्र्याचा आवाज सगळ्या घाटात घुमला. बाळ रडायला लागलं. बसचं दार डोंगराच्या बाजूला होतं, आणि दगड नेमके त्या दारासमोर पडत होते. दुसरं दार ड्रायव्हरचं, ते थेट कडेवर उघडायचं. उतरायची सोय राहिली नव्हती. ड्रायव्हर आता स्विचखालच्या वायरी ओढत होता, पण काही होत नव्हतं.

मिस्त्री ओरडला. काय ओरडला ते त्यालाही ऐकू आलं नाही.

काचेमागे बायको उभी राहिली. तिने उजवा हात उचलला आणि छातीवर ठेवला, डाव्या बाजूला. मग हात उचलून पुन्हा तिथेच आपटला. पुन्हा. पुन्हा.

तिच्या छातीत दुखतंय. मिस्त्रीच्या डोक्यात दुसरं काही येईना. दगडांच्या आधी तिचं काळीजच थांबणार, आणि मी इथे उन्हात बसलोय. त्याने नकळत आपला हात आपल्या छातीवर नेला, तिच्यासारखाच, डाव्या बाजूला. स्वेटरखाली काहीतरी टोचलं.

मरताना माणसाला सगळा जन्म आठवतो म्हणतात. मिस्त्रीला त्या क्षणी फक्त पाण्याची टाकी आठवली, आणि त्याच खिशावर ठेवलेलं बायकोचं बोट.

त्याने किल्ली बाहेर काढली. पोस्टमनने लाल गोंडा पाहिला, आणि दिवसात पहिल्यांदा त्याचं तोंड बंद झालं.

"फेका," मागून कुणीतरी म्हणालं.

मिस्त्रीने अंतर पाहिलं. फेकली आणि हुकली तर किल्लीही दरीत आणि सगळेच. तो उठला. आपण शूर झालोय असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.  आता डोंगराला पाठ लावून जाता येणार नव्हतं, कारण दगड तिकडूनच येत होते. जायला जागा उरली होती ती फक्त तुटलेल्या कडेची. ज्या कडेकडे बघायला नको म्हणून माणसाने दोन वर्षं मुलीची खोली पाहिली नाही, ती कड.

दोन पावलं टाकली आणि पाय चालेनात. मग तो खाली बसला, किल्लीचा गोंडा दातांत धरला आणि रांगायला लागला. हाताखालची माती सरकत होती. उजवा तळवा एकदा कडेच्या बाहेर गेला, आणि त्याच्याखाली काही नव्हतं. त्याने हात आत घेतला आणि थोडा वेळ तसाच पडून राहिला, कपाळ मातीला टेकून, लहान मुलासारखा रडत. एक दगड त्याच्या डोक्यावरून गेला. त्याचा वारा लागला. तो दातांतूनच काहीतरी पुटपुटला. देवाचं नाव नव्हतं ते. 'खाली माणूस आहे' असं म्हणत होता, पुन्हा पुन्हा, जसा तीस वर्षं विहिरीतून वरच्याला ओरडून सांगायचा. आणि पुढे सरकला.

ड्रायव्हरचं दार दरीच्या बाजूला होतं. ते उघडं होतं आणि ड्रायव्हर खाली वाकून हात पुढे करून बसला होता. त्याने मिस्त्रीच्या दातांतून किल्ली ओढून घेतली, काही विचारलं नाही. इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

"पाय वर घ्या," ड्रायव्हर म्हणाला. "मागे जायला जागा नाही. पुढे नेतो."

मिस्त्री ड्रायव्हरच्या पायांवरून, गिअरवरून कसाबसा आत पडला. बायकोने त्याची कॉलर धरून त्याला बाकावर ओढलं. तिचा हात बर्फासारखा गार होता. तो दरीच्या खिडकीशी पडला होता आणि या वेळी उठला नाही. गाडी हलली. उजवं चाक कडेवर आलं आणि मिस्त्रीच्या अंगाखालून सगळी गाडी दरीकडे कलली. म्हातारीचं पोतं घसरत त्याच्या पायाशी आलं. त्याने डोळे मिटले नाहीत, कारण मिटायचंही सुचलं नाही. दोघांनी एकमेकांचे हात इतके घट्ट धरले होते की बायकोची बांगडी त्याच्या मनगटात रुतली. माती सरकल्याचा आवाज आला. गुळगुळीत टायर फिरला, नुसताच फिरला, आणि मग पकडला.

गाडी उन्हात आली.

मागे वळून कुणी पाहायच्या आत तो आवाज झाला. गाडी उभी होती तिथे आता एक धोंडा बसला होता, गाडीएवढाच.

चालत आलेले लोक चढले. पोस्टमनचा चेहरा पांढरा पडला होता. पोत्यावाली म्हातारी उठून मिस्त्रीजवळ आली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बाबा, तू रस्त्यात सापडलेली किल्ली घेऊन परत आलास. असा माणूस मी पाहिला नाही." बाळाची आई रडत होती. जो तो मान हलवत होता.

किल्ली कुठून आली हे पोस्टमनला माहीत होतं. पण तो खिडकीबाहेर बघत राहिला. बायकोलाही माहीत होतं.  मिस्त्रीने गप्प बसायचं एवढंच बाकी होतं, आणि गप्प बसणं फार सोपं होतं.

"सापडली नाही," मिस्त्री म्हणाला. आवाज घोगरा निघाला. "मीच काढली होती. तुम्ही चाकासमोर बसला होतात. आमच्यात माणूस खाली असला की किल्ली काढतात. काढली आणि विसरलो. आणि घेऊन पळालो."

 म्हातारीचा हात त्याच्या डोक्यावरून निघून गेला.

ड्रायव्हरने चष्मा कपाळावर चढवला आणि आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं गाडी चालवतोय," तो म्हणाला. "माझ्या जिवासाठी कुणी किल्ली काढली नव्हती. आणि माझा जीव घ्यायला इतकं जवळही कुणी आलं नव्हतं." त्याने गाडी गिअरमध्ये टाकली. पुढे एका ओढ्यापाशी तो पाणी बघायला उतरला, तेव्हा त्याने आधी किल्ली काढली, मिस्त्रीला दिसेल अशी वर धरली आणि आपल्या खिशात टाकली.

उद्यानाचं फाटक आलं तेव्हा दिवस मावळतीला होता. लाकडी खोली, लोखंडी शेगडी, खाटेवर उशांना टेकून बसलेली टिटवी आणि स्टुलावर ठेवलेला तिचा पांढरा पाय. आई दारात दिसली तसा तिचा चेहरा फुलला. आईच्या मागून बाप आत आला, गुडघे फाटलेले, कपाळाला माती, आणि टिटवी नुसती बघतच राहिली.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही कसे आलात?"

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. कड ओलांडल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. हात मात्र सोडला नव्हता. जी गोष्ट त्याने गाडीत लोकांसमोर सांगितली ती सोपी होती. दुसरी होती ती अवघड, हिला गाडीत ठेवून उतरल्याची, आणि ती सांगायची तर हिनेच. आता ही सांगेल. सांगू दे. 

बायको खाटेवर बसली, आधी मुलीच्या पायाची बोटं दाबून बघितली, गरम आहेत ना, रंग ठीक आहे ना. मग म्हणाली, "एकदा चालत आले. ते मी धरत नाही."

"म्हणजे?"

"मग मागे फिरले, रांगत, आणि माझ्या शेजारी बसून आले. ते धरते."

टिटवीला काही कळलं नाही. ती बापाकडे बघत होती. मिस्त्री दाराशीच उभा होता, आणि आता, सगळं संपल्यावर, भिंतीला धरूनही त्याला उभं राहता येईना. तो होता तिथेच जमिनीवर बसला.

"बाबा, भीती वाटली?"

"अजून वाटतेय," मिस्त्री म्हणाला.

बायको उठली, लंगडत त्याच्याजवळ आली आणि त्याच्या स्वेटरवर डाव्या बाजूला हात ठेवला. खिसा रिकामा होता. हात तिने तसाच राहू दिला.